तंबाखू, आहार आणि अकाली वार्धक्य : बीड जिल्ह्याच्या निमित्ताने

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील २८ लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१६ या काळात जमवलेली माहिती त्यात आहे. या अहवालातील एका तक्त्याच्या शिरोभागी मिझोराममधील ऐजॉल जिल्हा आहे. तेथे दर एक लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ जणांना नव्याने कर्करोग होतो. त्याच तक्त्याच्या अगदी तळाशी 'उस्मानाबाद व बीड' अशी नोंद आहे. येथील पुरुषांतील प्रमाण लाखामागे ३९.५ आणि स्त्रियांतील ४९.४, म्हणजे पुरुष आणि स्त्रिया या दोघांच्याही बाबतीत देशातील सर्वात कमी.

दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर यांखेरीज ज्या जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत क्वचितच येते, त्याच्या वाट्याला आलेला हा नीचांक पाहून कोणालाही समाधान वाटावे. परंतु ज्याने बीड, गेवराई किंवा केजच्या बसस्थानकावर अर्धा तास काढला आहे, त्याला हा आकडा कोड्यात टाकतो. जेथे हातावर तंबाखू मळली जात नाही असा बाक सापडत नाही आणि जेथे घरोघरी दात घासण्याच्या निमित्ताने मशेरीची डबी उघडली जाते, तेथे कर्करोग देशात सर्वात कमी कसा? या प्रश्नाच्या उत्तरात आहार, तंबाखू, दीर्घकालीन आजार आणि वार्धक्य यांचे परस्परसंबंध गुंतलेले आहेत.

आकडा नेमका कशाचा?

प्रथम एक तांत्रिक बाब. वरील आकडे 'वयसमायोजित' आहेत. कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयातील रोग असल्यामुळे ज्या प्रदेशात वृद्ध अधिक, तेथे रुग्णही अधिक दिसणार. हा फरक पुसून टाकण्यासाठी सर्व प्रदेशांची वयोरचना सारखीच आहे असे गृहीत धरून प्रमाण काढले जाते. त्यामुळे 'बीडमध्ये लोक लवकर मरतात म्हणून कर्करोग कमी' हे सोपे स्पष्टीकरण येथे फारसे लागू पडत नाही.

दुसरे स्पष्टीकरण नोंदीच्या अपुरेपणाचे. ज्या रुग्णाच्या गाठीचा तुकडा तपासलाच गेला नाही, तो नोंदीत येत नाही. गिळता येत नाही म्हणून खंगत गेलेला आणि घरीच डोळे मिटलेला म्हातारा गावाच्या भाषेत 'वयोमानाने' गेलेला असतो. त्याला अन्ननलिकेचा कर्करोग होता की नाही, हे कोणालाच कळत नाही. त्यातच वर्षातील पाच-सहा महिने जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात असतात.

या अडचणीवर मात करण्याचा देशातील पहिला गंभीर प्रयत्न बीडच्या शेजारीच झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी कर्मचारी रुग्णालयांच्या दप्तरांतून माहिती उतरवून घेतात. खेड्यात असे दप्तरच नसल्याने बार्शीच्या कर्मचाऱ्यांनी गावोगाव फिरून पारावर, देवळात, शाळेत लोकांना गोळा केले, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणले. या पद्धतीचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. पुढे याच रुग्णालयाच्या, टाटा स्मारक रुग्णालयाच्या व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने उस्मानाबाद जिल्ह्यातील (आताचा धाराशिव) १,३१,७४६ स्त्रियांवर तपासणीचा प्रयोग झाला. एचपीव्ही विषाणूची आयुष्यात केवळ एकदा चाचणी केल्याने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाखाणला गेला.

एवढी मेहनत घेऊनही बार्शीच्या नोंदणीतील प्रमाण मुंबईपेक्षा फार कमीच राहिले. तेव्हा बीडचा नीचांक केवळ नोंदीच्या दोषाने आलेला नाही. काही अंश नोंदीच्या अपुरेपणाचा असेल, पण उरलेला खराच आहे आणि तो कशातून आला हेही बरेचसे सांगता येते. ग्रामीण स्त्रीला मुले लवकर होतात आणि ती दीर्घकाळ अंगावर पाजते, म्हणून स्तनाचा कर्करोग कमी. शरीर काटक व आहार कोंड्यासकट धान्याचा, म्हणून मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी. सिगारेट फारशी ओढली जात नाही, म्हणून फुप्फुसाचा कर्करोग कमी.

ऐजॉलची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे स्त्री-पुरुष दोघेही धूम्रपान करतात. तंबाखूचा धूर पाण्यातून नेऊन बनवलेले 'तुईबूर' नावाचे पाणी तोंडात धरले जाते आणि धुरावलेले मांस व आंबवलेली चरबी हे नित्याचे अन्न आहे. जठराच्या कर्करोगाचे तेथील प्रमाण देशात उठून दिसते. जेथे आहार आणि तंबाखू एकाच दिशेने ओढतात, तेथे काय होते याचे ते उदाहरण. बीडमध्ये आजवर ही दोन बळे विरुद्ध दिशांनी ओढत आली आहेत. चिंता आहे ती त्यांतील आहाराचे बळ क्षीण होत चालल्याची.

मशेरी, बार, विडी आणि पुडी

महाराष्ट्रातील तंबाखूचा प्रश्न हा धुरापेक्षा चघळण्याचा प्रश्न आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरताना आढळले. धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्केच होते. धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते. 'मी सिगारेट ओढत नाही' हे वाक्य आपल्याकडे निर्व्यसनीपणाचे प्रमाणपत्र म्हणून चालते, ते या आकड्यांपुढे किती फसवे आहे!

तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड म्हणजे मशेरी, मराठवाड्यात कित्येक घरी मिसरी. सुरुवात दात घासण्यापासून होते. हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरते, तरतरी येते, आणि सकाळचा एक वेळ दुपारी, संध्याकाळी, रात्री असा वाढत जातो. मुंबईतील एका मोठ्या पाहणीत ३५ वर्षांवरील स्त्रियांपैकी ५७.५ टक्के तंबाखू वापरताना आढळल्या. त्या जवळजवळ सर्व धूरविरहित तंबाखूच्या आणि त्यातही मुख्यतः मशेरीच्या आहारी गेलेल्या होत्या. त्यांतील बहुतेकींनी स्वतःला कधी 'व्यसनी' म्हटले नसेल. दारूला आणि विडीला जो सामाजिक डाग आहे, तो मशेरीला नाही, कारण ती स्वच्छतेच्या आवरणाखाली घरात शिरली. भाजताना तंबाखूत आधीपासून असलेल्या नायट्रोसामाइन या कर्कजनक द्रव्यांच्या जोडीला जळण्यातून निर्माण होणारी बेन्झोपायरीनसारखी द्रव्येही येतात. म्हणजे मशेरीत चघळण्याचे आणि जाळण्याचे, असे दोन्ही दोष एकत्र आले आहेत.

पुरुषांत चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूचा 'बार' भरण्याची रीत जुनी आहे. चुन्यामुळे तोंडातील क्षारता वाढते व निकोटीन झपाट्याने शोषले जाते. जेथे बार धरला जातो, त्या गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या भागातच पांढरा चट्टा उमटतो आणि पुष्कळदा कर्करोगही तेथेच होतो.

गुटख्याने यात सुपारीची भर घातली. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्कजनक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पष्ट केले. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तर दोरखंडासारखे आवळत जाते व तोंड उघडेनासे होते. या विकाराचे सविस्तर वर्णन व नामकरण मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले होते. तेव्हा तो विरळा होता. पुड्या आल्यानंतर तो विशीतल्या तरुणांत दिसू लागला. तीन बोटे उभी करून तोंडात घालता येत नसतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

राज्य शासनाने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. गुटख्याचे साठे पकडल्याच्या बातम्या बीड जिल्ह्यातून त्यानंतरही येतच राहिल्या आहेत, आणि साठा पकडला जातो याचाच अर्थ तो विकलाही जातो.

विडीबद्दलचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिच्यात तंबाखू थोडी असते, वर पान गुंडाळलेले असते, म्हणून ती सौम्य, असे मानले जाते. प्रत्यक्षात विडी चटकन विझते, म्हणून ओढणारा वारंवार आणि जोराने झुरके घेतो. मुंबईतील त्याच पाहणीतील लोकांचा पुढे पाठपुरावा झाला. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी अधिक निघाला.

वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय अहवालानुसार देशातील २७.१ टक्के कर्करोग तंबाखूशी संबंधित अवयवांचे आहेत. राज्यातील वाचकांना याची उदाहरणे निराळी सांगायला नकोत. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये मुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि ही सवय वेळीच सोडली नाही याची खंत त्यांनी अनेकदा जाहीरपणे व्यक्त केली आहे. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये मुखाच्या कर्करोगानेच गेले.

शरीराचे वय

कर्करोगाच्या भीतीने तंबाखूचे दुसरे रूप झाकले जाते. तंबाखूमुळे मरणाऱ्यांपैकी मोठा वर्ग हृदयविकार, पक्षाघात, श्वसनविकार आणि आपल्याकडे क्षयरोग यांनी मरतो. डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ११ लाख घरांच्या पाहणीवरून २००८ मध्ये मांडलेला हिशेब असा : विडी ओढणारा पुरुष आयुष्याची सरासरी सहा वर्षे गमावतो, विडी ओढणारी स्त्री आठ वर्षे, आणि सिगारेट ओढणारा पुरुष दहा वर्षे.

गमावलेली वर्षे ही आयुष्याच्या अखेरीस कापली जातात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती मधूनच जातात. वयाच्या तिशीनंतर प्रत्येकाच्या फुप्फुसांची क्षमता दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. हे नैसर्गिक वार्धक्य आहे आणि त्याने कोणाला धाप लागत नाही. ज्यांची फुप्फुसे धुराला बळी पडतात, त्यांच्यात हीच घट दुपटीने किंवा त्याहून वेगाने होते. पंचेचाळिशीतल्या अशा माणसाची फुप्फुसे पासष्टीची असतात. लंडनच्या फ्लेचर व पेटो या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे धूम्रपान सोडल्यावर घटीचा वेग पुन्हा नैसर्गिक होतो, मात्र गेलेली क्षमता परत येत नाही.

त्वचेतील कोलॅजेन तुटते व सुरकुत्या लवकर पडतात. हाडे विरळ होतात. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी सरासरी एक ते दोन वर्षे आधी जाते. रक्तवाहिन्यांचे अस्तर खडबडीत व ताठ बनते. सूक्ष्म पातळीवरही हेच दिसते. पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांना 'टेलोमेअर' नावाची टोपणे असतात, ती वयाबरोबर आखूड होत जातात. लंडनमधील ११२२ स्त्रियांच्या २००५ च्या अभ्यासात, दिवसाला एक पाकीट याप्रमाणे चाळीस वर्षे ओढणाऱ्या स्त्रीची टेलोमेअर ७.४ वर्षांनी अधिक 'वृद्ध' आढळली. त्याच अभ्यासात स्थूल स्त्रियांची टेलोमेअर सडपातळ स्त्रियांपेक्षा ८.८ वर्षांनी अधिक वृद्ध निघाली. टेलोमेअर हे वयाचे बिनचूक घड्याळ नव्हे, त्यावर फार इमले बांधू नयेत. तरीही धूर आणि अतिपोषण हे दोन अगदी निराळे अपराधी पेशीत एकाच ठिकाणी घाव घालतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. दोहोंतही शरीरात सतत धुमसणारा दाह हा समान दुवा आहे. मधुमेह, हृदयविकार, सांध्यांची झीज आणि अनेक कर्करोग यांच्या मुळाशी हाच दाह असतो.

भाकरीची बाजू

बीडचा पारंपरिक आहार म्हणजे शाळूची किंवा बाजरीची भाकरी, तुरीचे वरण किंवा पिठले, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, अंबाडी यांसारख्या भाज्या आणि करडईचे तेल. बालाघाटाच्या डोंगररांगांतील सीताफळ हे त्या ऋतूचे फळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आजचे आहारतज्ज्ञ ज्याची शिफारस करतात, त्याच्याशी हे ताट बरेच जुळते. अख्ख्या धान्याचा कोंडा मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून काही प्रमाणात संरक्षण देतो, साखर सावकाश रक्तात सोडतो आणि पोट भरल्याची जाणीव टिकवतो.

मात्र ज्वारीचे अवास्तव माहात्म्य सांगण्याची सध्या जी चढाओढ लागली आहे, तिच्यात सामील होण्याचे कारण नाही. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनमधील गरिबांत पेलाग्रा हा त्वचा, आतडी व मेंदू यांना ग्रासणारा विकार आढळत असे. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. भाकरी गुणकारी ठरते ती वरण, भाजी आणि दूध-ताक यांच्या संगतीत. भाकरी आणि नुसता ठेचा हे श्रमिकाचे जेवण कौतुकाने सांगितले जाते, पण ते पूर्ण जेवण नव्हे. ते अभावाचे जेवण आहे.

हे ताट बदलत गेले. रेशनच्या दुकानातून गहू व तांदूळ आले. करडईचे क्षेत्र आटले आणि तिची जागा सोयाबीन व पामतेलाने घेतली. गावातल्या टपरीवर बिस्किटे, कुरकुरे व वेफर्सच्या माळा लोंबू लागल्या. पाहुणा आला की भरपूर साखरेचा चहा, आणि पाहुणा नसला तरीही. शेतातील काम यंत्रांनी हलके केले आणि बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या शहरांतील नोकरदार वर्ग दुचाकीवर बसला. स्थूलपणाचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी आहे, असे आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले. आज तक्त्याच्या तळाशी असलेला जिल्हा तेथेच राहील, याची शाश्वती या बदलांमुळे उरत नाही.

आहाराने तंबाखूचे पाप धुऊन निघेल काय, असे बरेचजण विचारतात. भाज्या व फळे अधिक खाणाऱ्यांत तोंडाचे, घशाचे कर्करोग काहीसे कमी आढळतात, हे खरे आहे. त्यावरून भाज्यांतील बीटा-कॅरोटिन गोळीच्या रूपात दिले तर काम होईल, अशी कल्पना निघाली. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तिचा प्रयोग झाला. १९९४ मध्ये हाती आलेला निष्कर्ष धक्कादायक होता. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील अशाच दुसऱ्या प्रयोगात तो २८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसताच जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. विडी चालू ठेवून जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणे निरुपयोगी तर आहेच, ते प्रसंगी अपायकारकही ठरते. गाजर खावे, गोळी घेऊ नये, आणि गाजर खाल्ले म्हणून विडीची सूट मिळत नाही. विडीबरोबर दारू असेल, तर मुख व अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, त्यांचा जवळपास गुणाकार होतो.

फडातले वार्धक्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. ही गणनेची रीतच सांगते, की येथे माणूस हत्याराच्या नावाने मोजला जातो. पहाटे उठून भाकरी थापायच्या, उजाडण्याआधी फडात जायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्रीही भरायच्या. ताजी भाजी मिळण्याची सोय कोपीवर नसते. अशा दिवसात तंबाखू ही चैन उरत नाही. भूक मारण्याचे, झोप उडवण्याचे आणि दुखरा दात बधिर करण्याचे ते सर्वात स्वस्त साधन ठरते. तंबाखू सोडण्याचा उपदेश करणाऱ्याने हे गणित आधी समजून घेतले पाहिजे.

या गणिताचा सर्वात मोठा भार गर्भवती स्त्रीवर पडतो. मुंबईतील १२१७ गर्भवतींच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि मुदतपूर्व प्रसूतीही अधिक झाल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील माताही प्रामुख्याने मशेरीच वापरत होत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत माता व बालकांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्याने यापुढचे दुवे पुरवले. गर्भारपणी जड काम करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान जन्मली. पालेभाज्या, फळे व दूध वारंवार खाणाऱ्यांची बाळे तुलनेने मोठी होती. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आश्चर्य असे, की कमतरता स्नायूंत व पोटातील अवयवांत होती, चरबी मात्र बरीचशी राखली गेली होती. 'कृश तरीही चरबीयुक्त' असे हे भारतीय बाळ मोठेपणी थोडे जरी वजन वाढले, तरी मधुमेहाच्या वाटेला लागते.

हे अभ्यास वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, ऊसतोडीच्या फडातील नाहीत. तरीही जड श्रम, भाजीविना जेवण आणि मशेरी या तिन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या दिनक्रमात येतात, तेव्हा त्यांचा एकत्रित परिणाम काय असेल याची कल्पना करता येते. आईच्या उपासमारीत घडलेले शरीर पुढे टपरीवरच्या बिस्किटांच्या आणि गोड चहाच्या जगात वाढते. मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, ही म्हण मराठवाड्यात आता खोटी पडली आहे.

या स्त्रियांच्या वार्धक्याचे आणखी एक कारण २०१९ मध्ये उघड झाले, आणि त्याचा तंबाखूशी संबंध नाही. राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. अशा शस्त्रक्रियेत बीजकोषही काढले गेले, तर तिशीतल्या स्त्रीला त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. हाडांची झीज आणि हृदयविकार यांपासून मिळणारे इस्ट्रोजेनचे संरक्षण वीस वर्षे आधीच संपते. त्यावर मशेरी, अपुरे दूध आणि डोक्यावरची मोळी यांची भर पडली, की चाळिशीत कंबर वाकलेली स्त्री दिसते. तिला 'लवकर म्हातारी झाली' असे म्हटले जाते, जणू त्यात तिच्या नशिबाखेरीज कोणाचा हात नाही.

आणि चूल. आयुष्यात विडीला न शिवलेल्या स्त्रियांना विडी ओढणाऱ्यांचा दमा का होतो, या प्रश्नाकडे पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखातून जगाचे लक्ष वेधले. लाकूड, गोवऱ्या व काटक्यांचा धूर हे त्याचे प्रमुख कारण. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची जोडणी गावातल्या घरी पोहोचली, फडावरच्या कोपीपुढे मात्र चूलच पेटते.

सोडण्याचे वय

इंग्लंडमधील ३४ हजारांवर डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे पाठपुरावा करून सर रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जो निष्कर्ष काढला, तो वाचकांनी कापून ठेवावा असा आहे. धूम्रपान साठाव्या वर्षी सोडल्यास सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडल्यास गमावली जाणारी दहाही वर्षे जवळजवळ परत मिळतात. 'आता या वयात सोडून काय होणार' या प्रश्नाला यापेक्षा रोखठोक उत्तर नाही.

तलफ बहुधा काही मिनिटेच टिकते. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता यांचा त्रास सर्वाधिक होतो. मशेरी सोडताना 'पोट साफ होत नाही' ही तक्रार तर ठरलेलीच. तेव्हा कोमट पाणी, पालेभाजी व भाकरी यांचा खरा उपयोग होतो. भाजलेली बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवावी, सुपारी मात्र ठेवू नये. सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो.

तपासणी अवघड नाही. केरळमध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ उजेडात तोंड पाहून केलेल्या तपासणीमुळे तंबाखू व दारू घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तिखट अजिबात न सोसणे, तोंड कमी उघडणे, आवाज बसणे, गिळताना अडकणे यांपैकी काहीही असल्यास थांबू नये. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड, स्त्रियांचे स्तन व गर्भाशयमुख, रक्तदाब व रक्तातील साखर यांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत करून घेता येते. पुढील उपचारांसाठी अंबाजोगाईचे १९७४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे जिल्ह्याच्या आवाक्यात आहेत.

बीडपुरती अडचण वेळापत्रकाची आहे. गावात तपासणीचे शिबिर जानेवारीत भरले, तर ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे ती माणसे फडात असतात. ऊस तोडून ती परततात चैत्राच्या आसपास, आणि पुन्हा निघतात दसऱ्यानंतर. तोंड पाहायचे, साखर मोजायची आणि मशेरीची डबी बंद करण्याविषयी बोलायचे, तर ते याच मधल्या पाच-सहा महिन्यांत, टोळ्या निघण्यापूर्वी करावे लागेल.